मिशिगनची चेरी निफाडला होईल का?

निफाडच्या एका दादांनी विचारलंय, मुलगा अमेरिकेत मिशिगनला असतो, त्यानं तिकडच्या चेरीच्या बागांचे व्हिडिओ पाठवलेत, आपल्याकडंही थंडी पडते तर दोन एकर लावून बघू का? दादा, नका लावू. आंबट चेरीला हिवाळाभरात मिळून हजारएक तास 7 अंशांखालची थंडी लागते, आपल्याकडं पहाटे पारा उतरला तरी दहा वाजता स्वेटर काढायची वेळ येते.

पण मुलाला एक विचारा, या बागा राज्यात नेमक्या कुठं आहेत? बहुतेक सगळ्या लेक मिशिगन या मोठ्या तळ्याच्या काठच्या पट्ट्यात. वारा पश्चिमेकडून तळ्यावरून येतो, हिवाळ्यात पाणी जमिनीपेक्षा उबदार म्हणून थंडीची धार कमी होते, आणि वसंतात तेच पाणी गारठलेलं असतं म्हणून झाडं उशिरा फुलतात, तोवर कडक दंवाचे दिवस बरेचसे सरलेले असतात. 1852 मध्ये पीटर डॉगर्टी नावाच्या मिशनऱ्यानं ट्रॅव्हर्स सिटीजवळ ओल्ड मिशन भागात चेरी लावली, आज अमेरिकेतली बहुतांश आंबट चेरी याच राज्यातून येते.

तळंही दरवेळी वाचवत नाही बरं का. 2012 ला मार्चमध्येच पारा 27 च्या आसपास गेला, झाडं फसली, फांद्यांवरचे डोळे फुटले, मग एप्रिलमध्ये रात्रीमागून रात्री दंव, आंबट चेरीचं जवळपास 90 टक्के पीक गेलं. दक्षिणेकडं सेंट जोसेफ भागात तर 19 व्या शतकात पीचच्या बागाच्या बागा ‘यलोज’ रोगानं बसल्या, औषध नव्हतंच, रोगट झाड उपटून जाळणं एवढाच इलाज, आणि तसा कायदाच करावा लागला. (तेल्या रोग लागलेली डाळिंबं अजून एक बहार बघू म्हणून ठेवणाऱ्यांनो, वाचताय ना?) आणि त्याच राज्यातलं कॅलामझू, तिथं डच लोकांनी काळ्या दलदलीच्या जमिनीत सेलरी ही भाजी पिकवून गावाला सेलरी सिटी नाव मिळवून दिलं, पुढं बाजार कॅलिफोर्निया-फ्लोरिडाकडं गेला, तर त्याच पट्ट्यात ग्रीनहाऊस उभी राहिली, आता तिथं फुलांची रोपं तयार होतात.

चेरी राहू द्या, पण थंडीचा हा धडा तुमच्या निफाडच्या द्राक्षाला उपयोगी आहे. माती परीक्षण आपण करतो, थंड हवा कुठं साचते हे कोण बघतं? ती जड असते, पाण्यासारखी उताराला जाते, मिशिगनवाले म्हणूनच बाग चढावर लावतात, खळग्यात नाही. प्लॉटच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक साधा थर्मामीटर टांगा, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला वाचा आणि वहीत लिहा. खालचा रोज दोन-तीन अंश कमी दाखवत असेल तर त्या टोकाची दाट झाडी किंवा शेडनेट हवा अडवतंय का बघा, कडाक्याच्या रात्री पहाटे ड्रिपनं पाणी आणि शेकोट्या आधी तिथंच. नवीन लागण करायची असेल तर वहीचा फोटो पाठवा, मग जागा ठरवू.