मुलांना गोष्ट लिहायला शिकवताय? सुरुवात अशी करा

ताई, वही नंतर, आधी गोष्ट तोंडी सांगू द्या. लहान मुलांच्या डोक्यातली गोष्ट हातापेक्षा खूप पुढे धावते. हवं तर तुम्ही लिहून घ्या.

'माझी सहल' असा विषय दिलात की निबंधच येतो. त्याऐवजी अडचण द्या. आपल्याकडे गोदावरीचा पूर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून, पाणी तिच्या कुठवर आलं ते पाहून मोजतात, हे नाशिकच्या मुलांना ठाऊक असतं. सांगा, "पाणी मारुतीच्या कमरेला लागलंय आणि भेळवाल्याची गाडी अजून घाटावरच आहे." मग फक्त "पुढे काय झालं?" एवढंच विचारा. कुणी म्हणेल, मारुतीनेच गाडी उचलली. उचलू द्या! हेच तर हवंय.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेन चालवणं. मूल मग येणारे शब्दच वापरतं, गोष्ट आटते.
- शेवट आपणच सुचवणं.
- तात्पर्य मागणं. हे तर अजिबात नको.

अवतरणचिन्हं, परिच्छेद सध्या राहू द्या. लिहून झालं की मुलालाच मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडखळेल, तिथलं वाक्य बहुतेक वेळा ते स्वतःच बदलतं.