हनुनुओंची तीनखडी

प्रश्न असा: "फिलिपिन्समधल्या हनुनू लोकांचं नाव हनुमानावरून आलं का? आणि त्यांच्या लेखनाला वर्णमाला म्हणायचं की लिपी?"

हनुमानाचा काडीचाही संबंध नाही. हनू म्हणजे जबडा, त्यावरून हनुमान. मिंदोरो बेटाच्या दक्षिण भागातल्या या मंग्यान (म्हणजे बेटावरच्या मूळ रहिवासी) लोकांच्या भाषेत 'हनुनुओ' म्हणजे खरा, अस्सल. पहिली दोन अक्षरं जुळली की सोयरीक जमवायची, ही खोड कधी जाणार कोण जाणे! 'हनुनू' हा उच्चारही इंग्रजीच्या सवयीतून आलेला. रोमन लेखनात शेवटी दोन ओ दिसले की आपण ऊ करून मोकळे. ते दोन स्वर सुटे आहेत, मध्ये घशात आवाज अडतो. त्यांच्या लेखनात उ आणि ओला एकच खूण, त्यामुळे नाव लिहितात ते ह-नु-नु-उ असं.

वर्णमाला म्हणजे वर्णांची यादी, लिपी म्हणजे ते लिहिण्याची रीत. तेव्हा लिपीच म्हणा. पण खरी गंमत बाराखडीत आहे. 'खडी' म्हणजे खडू, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. साफ चूक! क ते कः ही बारा अक्षरं, म्हणून बाराक्षरी. क्षीरची खीर होते, तसा इथेही क्षचा ख झाला, पुढे रचा ड. गुजरातीत 'बाराक्षरी' हे रूप आजही चालतं. खडूवाल्यांनी त्याचं काय ते उत्तर द्यावं.

हनुनुओंची मात्र तीनखडी. मूळ लिपी आपल्यासारखीच ब्राह्मी कुळातली: स्वर ३, व्यंजनं १५. नुसत्या अक्षरात अ धरलेला. एका बाजूला छोटी रेघ दिली की इ किंवा ए, दुसऱ्या बाजूला दिली की उ किंवा ओ. ब, बि, बु, संपली खडी. आणि तिथे खडू कुठला? सुरीच्या टोकाने बांबूच्या सालीवर कोरतात, अंगापासून दूर, खालून वर. ओळी डावीकडून उजवीकडे.

शब्दातलं पाय मोडलेलं व्यंजन जुन्या रीतीत लिहीतच नाहीत. 'अंबाहान' हा त्यांचा काव्यप्रकार कोरला जातो अ-ब-ह असा. म् आणि न् वाचणाऱ्याने संदर्भाने भरायचे. नवशिका इथेच अडतो. हे टाळावं म्हणून आंतून पोस्टमा या डच मिशनऱ्याने विसाव्या शतकात 'पामुदपोद' ही खूण आणली, म्हणजे आपलं हलन्त चिन्हच. लिपीत सुधारणा झाली म्हणून तिचं कौतुक होतं. मला ते अर्धंच पटतं. अंबाहानच्या ओळीत सहसा सात अवयव, म्हणजे एका दमात उच्चारायचे तुकडे (अं-बा-हान हे तीन), असतात आणि शेवटी यमक. जुन्या लेखनात एका अवयवाला एकच अक्षर, म्हणजे सात अवयवांना बरोबर सात अक्षरं. आठवं दिसलं की कोरणारा बहुधा चुकला. पामुदपोद आलं की 'अंबाहान'ची तीन अक्षरं पाच होतात आणि ही मोजणी हातची जाते. शिकणाऱ्याने गद्यासाठी ते खुशाल वापरावं, अंबाहान मात्र जुन्या रीतीनेच कोरावं.