डॅशबोर्ड काढायच्या आधी बोनेट उघडा

प्रश्न : माझ्याकडे १९७० च्या दशकातली अमेरिकन गाडी आहे, मोठं व्ही-८ इंजिन. एसी गार आहे, हीटर गरम आहे, तक्रार नाही. पण चढ लागला किंवा ओव्हरटेक करायला पाय दाबला की समोरच्या व्हेंटमधली हवा गायब, सगळी काचेकडे जाते. पाय उचलला की परत समोर. मेकॅनिक म्हणतोय पूर्ण डॅशबोर्ड काढावा लागेल. काढू देऊ का?

उत्तर : आधी त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घ्या! तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं निदान झालेलं आहे.

या गाड्यांत हवा कुठे सोडायची ते ठरवणाऱ्या झडपा मोटरवर नाही, व्हॅक्यूमवर फिरतात. इंजिन हवा ओढतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, जो व्हॅक्यूम तयार होतो तो बारीक नळ्यांनी डॅशबोर्डमागच्या डब्यांपर्यंत जातो, डब्यात रबराचा पडदा असतो, तो ओढला गेला की दांडी हलते आणि झडप फिरते. चांगलं इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि पाय उचललेला असताना, साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम देतं, पण पाय दाबून थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप, पूर्ण उघडलीत की तो जवळजवळ शून्यावर येतो. म्हणजे चढावर व्हॅक्यूम जाणारच, त्यात गाडीची चूक काही नाही. तेवढा वेळ निभावून न्यायला कंपनीने व्हॅक्यूमची एक साठवण टाकी आणि एक चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने सोडणारा) दिलेला असतो, आणि तुमच्याकडे त्या दोघांपैकी एक गेलंय किंवा कुठेतरी नळी गळतेय. व्हॅक्यूम संपला की डब्यातली स्प्रिंग झडपेला काचेकडे ढकलते, हे मुद्दाम तसं केलेलं आहे, कारण बिघाड झाला तरी समोरची काच धुरकट राहू नये. (ज्याने हे डिझाइन केलं त्याला माझा नमस्कार.)

आयडलला सगळं नीट चालतंय ना, मग डबे आणि झडपा बहुतेक ठीकच आहेत. म्हणून सुरुवात बोनेटखाली. मॅनिफोल्डपासून निघालेली नळी धरून पुढे जा, वाटेत छोटा चेक व्हॉल्व्ह लागेल. काढून तोंडाने फुंका, एका बाजूने हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. दोन्हीकडून गेली तर चोर सापडला. परत लावताना दिशा बघा, हवा टाकीकडून इंजिनकडेच जायला हवी, मी एकदा उलटा लावून पूर्ण दुपार डोकं खाजवत बसलो होतो. मग टाकी बघा, कधी गोल चेंडूसारखी, कधी डब्यासारखी असते. पत्र्याची असेल तर खालून गंजून भोक पडतं आणि वरून मस्त दिसते, त्यामुळे खालून हात फिरवा.

एक फुकटची टेस्ट सांगतो. इंजिन चालू ठेवून हवा समोरच्या व्हेंटवर घ्या, मग इंजिन बंद करा पण चावी ऑनला ठेवून ब्लोअर चालू राहू द्या. हवा काही मिनिटं समोरूनच येत राहिली तर सिस्टीम घट्ट आहे. लगेच काचेकडे पळाली तर गळती आहे, आणि मग हेच प्रत्येक मोडवर करून बघा. फक्त एकाच मोडवर पळत असेल तर त्या मोडचा डबा किंवा त्याची नळी, सगळ्या मोडवर पळत असेल तर टाकी, व्हॉल्व्ह, मुख्य नळी नाहीतर कंट्रोलच्या मागचा स्विच.

गेज असलेला, व्हॅक्यूम ओढणारा हातपंप मिळाला तर अर्धं काम सोपं. प्रत्येक नळीला लावून १५-२० इंचापर्यंत ओढा आणि मिनिटभर काटा बघा, पडला नाही तर ती लाइन सोडा, पुढची घ्या. रबरी नळी चिमटून बंद केली तरी चालते पण कडक प्लॅस्टिकची चिमटू नका, तडकते, ती काढून तोंडात बूच घाला. माझ्या अनुभवात नळी मधून क्वचित जाते, जातो तो टोकाचा रबरी जोड, कडक होऊन चिरतो. आणि काहीही काढायच्या आधी फोटो, नळ्यांचे रंग कंट्रोलवर कुठे कुठे जातात ते नंतर आठवत नाही, कुणालाच नाही.

एवढं करून डबाच फाटका निघाला तर मात्र डॅशबोर्डमागे हात घालावा लागेल. फाटलेल्या पडद्याला गोंद लावू नका, तो सतत हलतो, टिकत नाही. नवीन पडदा नाहीतर नवीन डबा. दोन निपल (नळी लावायची तोंडं) असलेला डबा दिसला तर घाबरू नका, एकाने झडप अर्धी फिरते, दोन्हीने पूर्ण, फक्त नळ्यांची अदलाबदल करू नका.

प्रश्न : माझी मर्सिडीज १२३ सिरीजची डिझेल आहे. चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं, आणि सेंट्रल लॉकही अर्धवट लागतं. दोन वेगळे बिघाड समजायचे का?

उत्तर : एकच समजून सुरुवात करा. डिझेलला थ्रॉटल नसल्याने मॅनिफोल्डमध्ये कामापुरता व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून इंजिनवर वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि इंजिन बंद करणं, दारांची लॉकं, सगळं त्याच्याच जिवावर. दारातला एखादा डबा गळत असेल तर इंजिन बंद करायला पुरेसा व्हॅक्यूम उरत नाही. लॉककडे जाणारी लाइन काढून बूच लावा आणि चावी फिरवा, इंजिन बंद झालं तर गळती दारांकडेच आहे, एकेक दार वेगळं करून शोधा. तोवर इंजिन बंद करायला बोनेटखाली स्टॉप लिहिलेली दांडी आहे, ती दाबा, गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचे प्रकार करू नका.