बँड सुरू झाला की बास ऐकूच येत नाही: पिकअप वर घेऊ की बदलून टाकू?

तुमचा बास गिटार फेंडरच्या जॅझ बासच्या धाटणीचा, म्हणजे दोन सिंगल कॉइल पिकअपचा (पिकअप म्हणजे चुंबक आणि कॉइल, म्हणजे तारेचे वेढे, असलेली पट्टी; ती तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलते) आणि पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालणारा. घरी बरा वाजतो, पण ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की हरवतो, म्हणून जास्त दमदार पिकअप घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: लगेच घेऊ नका. आधी पिकअपची उंची नीट लावा, मग वायरिंग तपासा. एवढं करूनही आवाज कमी पडला तरच खरेदीकडे वळा.

दमदार आवाज म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र करतो. एक, पिकअपमधून मोठा सिग्नल निघणं. दुसरी, मिड म्हणजे मधले स्वर भरलेले असणं, साधारण २५० ते ८०० हर्ट्झचा पट्टा. सिग्नल मोठा करायचा तर अ‍ॅम्पचा गेन आहेच. बँडमध्ये बास हरवतो तो बहुतेक वेळा मिड नसल्यामुळे, कारण त्याखालची जागा किक ड्रमने आधीच घेतलेली असते. जॅझ बासवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की नेमके हेच मिड पातळ होतात. दोन पिकअप तारेच्या दोन वेगळ्या जागांवरून आवाज उचलतात आणि त्यातले काही घटक एकमेकांना खोडतात. ब्रिजकडच्या (जिथे तारा बॉडीवर टेकतात) पिकअपचा व्हॉल्यूम थोडा उतरवून बघा, आवाज लगेच जाड होईल. किंचित हम, म्हणजे विजेची घूं घूं, वाढेल, कारण दोन्ही पिकअप समान पातळीवर असतानाच एकमेकांचा हम मारतात.

आता उंची. आधी नेकचा बाक आणि अ‍ॅक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, लावून घ्या, कारण तारांची उंची बदलली की पिकअपचं सगळं माप चुकतं. मग शेवटच्या फ्रेटवर ई, म्हणजे सर्वांत जाड तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलच्या, म्हणजे पिकअपमधल्या चुंबकाच्या खुंटीच्या, माथ्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. सुरुवातीला ई बाजूला ३ ते ३.५ मिमी आणि जी, म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या, बाजूला २ ते २.५ मिमी ठेवा. ब्रिजकडचा पिकअप याहून थोडा वर चालतो, कारण तिथे तार कमी हलते आणि सिग्नलही लहान असतो. एका वेळी स्क्रूचा अर्धा फेराच द्या, आणि दर वेळी एकच फ्रेज त्याच जोराने वाजवून ऐका. चारही तारा सारख्या वाजतायत का, हेही इथेच कळतं.

फार वर घेतलं की चुंबक तारेला ओढायला लागतं. ई तार पंधराव्या फ्रेटवर वाजवून सूर विरेपर्यंत ऐका. सूर स्थिर न राहता लाटांसारखा वरखाली होत असेल, किंवा एकाऐवजी दोन सूर भांडल्यासारखे वाटत असतील, तर पिकअप फार जवळ आलाय. अशा वेळी ब्रिजचे सॅडल (तार टेकणारे छोटे तुकडे) कितीही पुढेमागे केले तरी इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवरचा सूर, जुळत नाही आणि दोष उगाच सॅडलवर जातो. सूर लवकर विरतो, जोरात वाजवल्यावर तार पोलवर टणकन आपटते. लाट थांबेपर्यंत पिकअप खाली घ्या आणि तिथून आणखी अर्धा फेरा खाली ठेवा.

स्क्रू फिरतो पण पिकअप वर येत नाही, हा स्वस्त आणि जुन्या बासमधला हमखास प्रकार. खालचा फोम दबून सपाट झालेला असतो. तारा सैल करा, स्क्रू काढा, पिकअप हळूच उचला आणि खाली १० ते १२ मिमी जाडीचा घट्ट फोम ठेवा. आंघोळीच्या स्पंजासारखा मऊ फोम नको, तो महिन्याभरात बसतो आणि पावसाळ्यात ओल धरतो. कॉइलची तार साधारण ०.०६ मिमी असते, केसाहून बारीक किंवा फार तर तेवढीच. पिकअपवर कव्हर नसेल तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिकडे जाऊ देऊ नका. चुंबक ते ओढून घेतं आणि एका ओरखड्यात कॉइल जाते.

उंची लावूनही एक पिकअप मेल्यासारखाच वाजत असेल तर मल्टिमीटर काढा. बासला केबल लावा, मीटर २० किलोओमवर ठेवा, एक व्हॉल्यूम पूर्ण आणि दुसरा शून्य करा, आणि केबलच्या मोकळ्या टोकाला प्लगच्या टोकावर आणि बाहीवर मीटरच्या पिन लावा. जॅझ बासच्या पिकअपला साधारण ७ ते ८ किलोओम दिसायला हवेत; पॉट (नॉबखालचा बदलता रोध) समांतर असल्यामुळे आकडा किंचित कमी येतो. पडद्यावर नुसता १ किंवा ओएल आलं तर कॉइल किंवा तिची जोडणी तुटली आहे. अ‍ॅक्टिव्ह बासवर ही तपासणी चालत नाही. पॉटही बघून घ्या. तिन्ही २५० के (किलोओम) ऑडिओ टेपरचे आणि टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड, म्हणजे ४७३ लिहिलेला, हे नेहमीचं गणित. त्याहून कमी किमतीचे पॉट असतील तर वरचा सगळा तजेला तेच खाऊन टाकतात.

पिकअप न बदलता दम हवा असेल तर दोन्ही पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडायचा स्विच लावा. हा उपाय लोक फार कमी करतात याचं मला वाईट वाटतं. एरवी ते पॅरलल, म्हणजे समांतर, असतात. सिरीजमध्ये दोघांचे सिग्नल एकमेकांत मिळवले जातात, आवाज ठळक वाढतो, मिड पुढे येतात आणि वरची चमक कमी होते. पॉप-रॉक बँडमध्ये हाच आवाज हवा असतो. एक व्हॉल्यूम पॉट काढून त्या जागी २५० केचा पुश-पुल पॉट, म्हणजे ओढला की स्विचसारखा चालणारा पॉट, बसवला की लाकडाला भोकही पाडावं लागत नाही. सिरीजमध्ये एकच व्हॉल्यूम दोघांना चालतो, हे लक्षात असू द्या. ज्या पिकअपची ग्राउंड वायर सोडवायची, त्याचं शील्ड किंवा खालची पट्टी त्याच वायरला जोडलेली असेल तर ती वेगळी करून थेट ग्राउंडला न्या, नाहीतर हम वाढतो.

एवढं करून बदलायचंच ठरलं तर आधी माप घ्या. मूळ जॅझ बासमध्ये ब्रिजचा पिकअप नेकच्या पिकअपपेक्षा साधारण २ मिमी लांब असतो, पण अनेक स्वस्त बासमध्ये दोन्ही सारखेच असतात. मापं न घेता सेट मागवला की लाकूड तासायची वेळ येते. तारांमधलं अंतरही बघा. तार तिच्या दोन पोलांच्या मधून जायला हवी.

निवडताना किलोओमच्या आकड्यावर जाऊ नका. बारीक तार वापरली तरी तो आकडा वाढतो, आणि चुंबक किती ताकदीचं हे त्यातून कळतच नाही. जास्त वेढे म्हणजे मोठा सिग्नल, भरलेले मिड आणि कमी ट्रेबल, एवढं धरून चाला. सेमर डंकन कंपनीच्या क्वार्टर पाउंड पिकअपमध्ये पाव इंच जाडीचे पोल असतात, आवाज जाड आणि आक्रमक. पण ते सिंगल कॉइलच, म्हणजे एकटा पिकअप वाजवला की हम राहणार. डिमार्झिओ कंपनीचा ‘मॉडेल जे’ हा पिकअप हम मारतो, म्हणून ट्यूबलाइट आणि डिमरने भरलेल्या स्टेजवर मी तो आधी सुचवेन. ईएमजी कंपनीसारखे अ‍ॅक्टिव्ह घेतले तर २५ केचे पॉट आणि ९ व्होल्टची बॅटरी लागते. एक ईएमजी आणि एक जुना पॅसिव्ह अशी जोडी २५ केच्या पॉटवर लावू नका. पॅसिव्हचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा होईल.

नेक आणि ब्रिज एकाच सेटमधले घ्या. हम मारण्यासाठी एका पिकअपचे वेढे आणि चुंबकाचा ध्रुव दोन्ही दुसऱ्याच्या उलट असावे लागतात. ध्रुव साध्या होकायंत्राने तपासता येतो. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका: एका कंपनीत काळी वायर ग्राउंड, तर दुसरीत तीच हॉट, म्हणजे सिग्नलची. सोबतचा कागद बघूनच जोडा.

सोल्डर करण्यापूर्वी जुन्या जोडणीचे दोन-तीन कोनांतून फोटो काढा. सोल्डरची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) ४० ते ६० वॅटची हवी. २५ वॅटची पॉटच्या पायांना चालते, पण पॉटच्या पाठीवर ग्राउंड लावताना थंड पडते. मग आपण ती दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो आणि आतला ट्रॅक भाजतो. पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासा आणि ६०/४० रोझिन कोअर सोल्डर वापरा. कपॅसिटर, पॉट, सोल्डर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत मिळून जातं.

तारा चढवण्याआधी अ‍ॅम्प हळू ठेवून स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक पोलवर हलकेच टकटक करा. दोन्ही पिकअप बोलले पाहिजेत. तारा चढवल्यावर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण करून आवाज पोकळ आणि खर्जहीन झाला, तर फेज उलटा आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतायत. एका पिकअपच्या दोन वायर अदलाबदल करा. तारेला हात लावल्यावर हम कमी झाला तर ग्राउंड ठीक आहे. उलट वाढला तर जॅकवर हॉट आणि ग्राउंड उलटे लागलेत.

नव्या पिकअपला जुनी उंची लावू नका. चुंबक जास्त ताकदीचं असेल तर ई बाजूला ४ मिमीपासून सुरुवात करून हळूहळू वर या. आणि जुने पिकअप काढताना वायर कापू नका, सोल्डर वितळवून पूर्ण लांबीची सोडवा. पुढे ते परत बसवायचे किंवा विकायचे झाले तर तोकड्या वायरला जोड देत बसावं लागणार नाही.