आमचं आडनाव डिसोझा. मग आम्ही मूळचे पोर्तुगीज का?

तुम्ही लिहिलंय, तीन पिढ्या सावंतवाडीत गेल्या, पणजोबा गोव्यातल्या बार्देश तालुक्यातून आले होते, आणि आडनावावरून लोक तुम्हाला पोर्तुगीज वंशाचे समजतात. आडनाव पोर्तुगालचं आहे, हे खरं. घराणं मात्र बहुतेक बार्देशातल्याच कुठल्यातरी गावचं असणार.

सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली एक नदी. तिच्यावरून तिथल्या एका सरदार घराण्याचं नाव पडलं आणि पुढे ते सगळीकडे पसरलं. बार्देश पोर्तुगीजांच्या हाती गेला १५४३ साली. तिथे फ्रान्सिस्कन पाद्री होते. बाप्तिस्म्याच्या वेळी जो धर्मपिता उभा राहील त्याचं, नाहीतर पाद्रीचं आडनाव नव्या ख्रिस्ती माणसाला मिळायचं. त्यामुळे सख्ख्या भावांतला एक डिसोझा झाला नि दुसरा फर्नांडिस, असंही घडलं. उलट, ज्यांचं एकमेकांशी रक्ताचं काहीच नातं नाही अशी शेकडो घरं डिसोझा झाली. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, आडनावाच्या मागे धावू नका. गाव शोधा.

घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापाशी आजच बसा. गावाचं नाव आठवत नसेल तर फेस्त, म्हणजे गावच्या चर्चचा वार्षिक उत्सव, कोणतं होतं ते विचारा. मी एका मित्राला असाच शोध घ्यायला मदत केली होती. त्याच्या आजीला गाव सांगता येईना, पण मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे चमत्कारांच्या मेरीमातेच्या, फेस्ताला वडिलांचा हात धरून गेल्याचं तिला लख्ख आठवत होतं. ते फेस्त बार्देशातल्या म्हापशाचं, त्यावरून आम्ही तिथे पोचलो. तिथल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत. एकेका नोंदीत मुलाचे आईवडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, धर्मपिता आणि राहण्याचं ठिकाण असं बरंच काही सापडतं. एक ध्यानात ठेवा: पोर्तुगीज पद्धतीत आईचं आडनाव आधी आणि वडिलांचं शेवटी येतं. आम्ही ते उलट वाचलं आणि सबंध दिवस भलत्याच घराण्याच्या मागे घालवला.

त्याच्याही मागे जायचं तर गावची कोमुनिदाद, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणारी मूळ घराण्यांची जुनी संस्था, गांवकारी. गांवकारांचे वांगड, म्हणजे कुळं, ठरलेले असतात आणि जोण, म्हणजे गावच्या उत्पन्नातला वाटा, मिळण्याचा हक्क बापाकडून मुलाकडे येतो. धर्म बदलला तरी हा हक्क बुडाला नाही. तुमचे पूर्वज गांवकार असतील तर त्यांचा वांगड कळेल, आणि जुन्या कागदांत प्रभू, कामत, नाईक असं आधीचं आडनावही हाती लागू शकेल. मित्राला ते मिळालं तेव्हा तो कितीतरी वेळ त्या पानावर बोट ठेवून बसला होता. गांवकार नसाल तर हा रस्ता बंद, मग चर्चच्या वह्या आणि पणजीचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दप्तर. ते १५९५ पासूनचं आहे.

आता राष्ट्रीयत्व. माझं आडनाव वेर्णेकर, आम्ही गोव्यातल्या म्हार्दोळचे. आमची देवी म्हाळसा सोळाव्या शतकात वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. माझ्या घरात कुणाचा कधी बाप्तिस्मा झाला नाही, तरी माझे आजोबा कायद्याने पोर्तुगीज नागरिक होते, कारण गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालचं राज्य होतं. तुमचे आजोबा जन्मले सावंतवाडी संस्थानात. तिथे डिसोझा असण्याने कुणी पोर्तुगीज नागरिक होत नव्हतं. नागरिकत्व जन्मस्थळावरून आणि आईबापांच्या नोंदीवरून ठरतं, आडनावाला तिथे काही किंमत नाही.

गोव्यात जन्मलेल्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद करून घेतात, ते तुम्ही ऐकलं असेल. तुमचे पणजोबा गोव्यात जन्मले एवढ्यावर तुमचा हक्क आपोआप ठरत नाही. त्या वाटेला जाण्याआधी जाणत्या वकिलाला कागद दाखवा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय जातं.

पणजोबांचं पूर्ण नाव आणि घरच्यांना आठवणारं फेस्त इथे लिहा. बार्देशातली बरीच चर्चं मला ठाऊक आहेत, कुठून सुरुवात करायची ते सांगेन.