ठिबकाची गळती आणि कर्नलमधला बग

प्रश्न : मुलगा नाशिकला गंगापूर रोडवर खोली करून राहतो, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चार महिने झाले, रात्र-रात्र लिनक्स कर्नलच्या नेटवर्किंगमधला एक बग शोधतोय. म्हणतो, ‘गळती सापडत नाही.’ पैसे कोणी देत नाही आणि ॲप्टिट्यूडचा क्लासही सोडला. यातून नोकरी लागेल का?
– एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

भाऊसाहेब, ही गळती तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. एखादं नेटवर्क डिव्हाइस कोण-कोण वापरतंय याची मोजणी कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ठेवतो. घेतलं की आकडा एकने वाढवायचा, सोडलं की एकने कमी. मध्येच काही बिनसून कोड मागे फिरतो तिथे कमी करायचं राहून गेलं (हीच गळती), की ते डिव्हाइस काढताच येत नाही. ‘मोकळं व्हायची वाट पाहतोय’ असा मेसेज दर १० सेकंदांनी येत बसतो.

ठिबकाचं प्रेशर पडलं की तुम्ही अर्ध्या बागेचा व्हॉल्व्ह बंद करून बघता ना? कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनातलं बायसेक्ट म्हणजे तेच. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली यांच्यात १००० बदल असले, तरी साधारण १० चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो. पण दर चाचणीला कर्नल कोडपासून नव्याने तयार (बिल्ड) करून त्यावर मशीन सुरू (बूट) करायचं, आणि बग कधी दिसतो, कधी लपतो. रात्री जातात त्या इथे.

दुरुस्ती कदाचित दोन ओळींची निघेल. खरी मेहनत तिच्यावरच्या मजकुरात असते : गळती का झाली, कोणत्या बदलापासून झाली. कर्नलचा तो भाग सांभाळणारे मेंटेनर शंका काढतात, पॅच (म्हणजे पाठवलेली दुरुस्ती) दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा पाठवावा लागतो. त्यावरून मुलगा नापास झाला असं समजू नका.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. कॅम्पसच्या पहिल्या चाळणीत पॅच कोणी बघत नाही, तिथे ॲप्टिट्यूडच लागतं. क्लास पुन्हा लावा, रविवारचा चालेल. पुणे-बेंगळुरूतल्या नेटवर्किंग, चिप किंवा एम्बेडेडच्या मुलाखतीत मात्र हाच बग तासभर बोलायला पुरतो, आणि स्वीकारलेला पॅच त्याच्या नावानिशी कोणालाही तपासता येतो.

चार महिने मला जरा जास्तच वाटतात. ऑक्टोबर छाटणीला घरी आला की बग तुमच्यासमोर घडवून दाखव म्हणा. हवा तेव्हा घडवता येत असेल तर आणखी महिना द्या. नसेल, तर हा बाजूला ठेवून लहान बग घेऊ दे.