उन्हाळ्यातील मुरुमे: सुरुवात स्कार्फपासून करा

नागपूरच्या मे महिन्यात दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधल्याशिवाय गत्यंतर नसते, हे मान्य आहे. पण तुमच्या पुटकुळ्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेलाच दाटल्या असतील, तर पहिला संशय त्या स्कार्फवरच घ्यावा, कारण घामाने ओला झालेला कपडा सतत घासत राहिला की तेलाने आणि मृत पेशींनी आधीच अरुंद झालेली रंध्रे बुजतात. सुती स्कार्फ रोज धुतलेलाच वापरा. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदाच लावा. मधल्या वेळी घाम आल्यास नुसते पाणी पुरे.

औषधांत मुरुमांचे जंतू मारणाऱ्या २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडने आरंभ करावा. ते कापडाचा रंग उडवते. माझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर गालाएवढा पांढरट डाग पडला, तेव्हापासून मी पांढराच अभ्रा वापरते. रात्री रंध्रे मोकळी करणारे ०.१ टक्के अ‍ॅडापलीन जेल लावायचे असल्यास मटारच्या दाण्याएवढेच घेऊन कोरड्या चेहऱ्यावर, प्रारंभी एक दिवसाआड लावा, दिवसा जेलसारखे सनस्क्रीन चुकवू नका आणि ८ ते १२ आठवडे धीर धरा. गरोदरपणात मात्र अ‍ॅडापलीन टाळावे.

लिंबाचा रस आणि टूथपेस्ट यांनी त्वचा भाजते. गोरेपणासाठी मिळणाऱ्या स्टेरॉइडयुक्त मलमांना तर हातही लावू नका. सुरुवातीला चेहरा उजळतो आणि नंतर मुरुमे दुप्पट जोमाने उसळतात. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा.